कडेवरचा नंबर

कारकुनाने अंगठा जिभेला लावला आणि पान उलटलं. पुन्हा जिभेला, पुन्हा पान. सासऱ्यांच्या फौजेतल्या बावीस वर्षांच्या नोकरीची ती सेवापुस्तिका. तिच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर एकेक ओलसर डाग पडत चालला होता आणि सुनेची नजर त्या डागांवरून हलत नव्हती. कडेवरच्या लेकीने टेबलाकडे हात लांबवला, तसा तिने तो झटकन मागे ओढला आणि रुमालाने पुसून काढला. अजून त्याला काही लागलंही नव्हतं.

"जखम कुठे म्हणालात?"

सासऱ्यांनी काठी भिंतीला टेकवली, खुर्चीच्या कडेवर बसले आणि विजारीचा पाय गुडघ्यापर्यंत दुमडत नेला. पोटरी असायला हवी तिथे एक खळगा होता, वर ताणलेली चकचकीत कातडी. मागच्या रांगेतल्या माणसांनी माना पुढे केल्या. कारकुनाने टेबलावरची पेन्सिल उचलली. तीच पेन्सिल मघाशी त्याच्या कानात फिरत होती. तिच्या टोकाने त्याने तो खळगा दाबून पाहिला, बाजारात फळ पिकलंय का पाहावं तसा.

"पण इथे तर लिहिलंय, रजेवर असताना घरी पडून पाय दुखावला."

"मी रजेवर नव्हतो," सासरे म्हणाले.

गेल्या चार खेपांत या खोलीत ते एवढं एकच वाक्य बोलले होते.

पहिल्या दिवशी बसमधून परतताना त्यांनी त्या कारकुनाचं नाव 'लाळेश्वर' ठेवलं होतं आणि दोघं स्टॉप येईपर्यंत हसली होती. वर्षभरात सासऱ्यांनी केलेला तो एकच विनोद. दुसऱ्या खेपेपासून नाव तेवढं राहिलं, हसू गेलं.

सासऱ्यांचा पाय गेला ती डोंगरावरची लढाई एकवीस दिवस चालली. ते एकवीसही दिवस सासरे पुस्तिकेप्रमाणे घरी होते. मागच्या तळावर बसलेल्या कुणी तरी कुणाची तरी रजा त्यांच्या पानावर चढवली, आणि इस्पितळातून थेट घरी पाठवलेल्या माणसाला ती चूक कळायला मार्गच नव्हता. लढाईचं पदक मिळालं नाही, जखमींचंही नाही. इतकी वर्षं त्यांनी त्याची फिकीर केली नव्हती. पण गेल्या वर्षी पलटणीच्या स्थापनादिनाला ते जुन्या सोबत्यांच्या रांगेत जाऊन बसले आणि एका कोवळ्या अधिकाऱ्याने हातातली यादी पाहून, अगदी अदबीने, त्यांना उठवलं. काका, तुमचं नाव यात नाही, तुम्ही पाहुण्यांच्या मंडपात बसता का? ते बसले. जेवले. घरी येऊन ट्रंक उघडली, पुस्तिका सुनेच्या हातात ठेवली आणि म्हणाले, वाच, माझे डोळे आता बारीक अक्षराला पुरत नाहीत. 'रजेवर' हा शब्द तिनेच त्यांना वाचून दाखवला होता.

तेव्हापासून हा खटाटोप चालला होता. दोन साक्षीदार हवे होते. एक वारला होता आणि दुसरा स्वतःच्या मुलालाही ओळखत नव्हता. इस्पितळाने जुने कागद वाळवीच्या स्वाधीन केले होते. नवरा दूरच्या गावी कामाला. फोनवर म्हणायचा, बाबांच्या नादाला लागून तू कशाला दमतेस? त्याला सगळं सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी सासऱ्यांच्या छातीचा फोटो उजेडाला धरून जे सांगितलं ते तिने एकटीने ऐकलं होतं, आणि पुढचा स्थापनादिन महिन्यावर आला होता.

सासरे पाणी प्यायला बाहेर गेले. कारकून पुढे वाकला. त्याच्या तोंडाचा शिळा वास लेकीलाही आला असावा. तिने आईच्या खांद्यात नाक खुपसलं.

"ताई, किती खेटे घालणार? पदक जमा करा. पदक मिळालं होतं, नोंद तेवढी राहून गेली, असं एक प्रतिज्ञापत्र जोडा. लगेच होतं काम. एका पदकावर लढाईची आणि जखमेची, दोन्ही नोंदी होतात."

"पण मिळालंच नाही ना. नोंद नाही, म्हणून पदक नाही."

"मग तेच सांगतोय. पदक आणा." त्याने पेन्सिलीने खिडकीबाहेर, रस्त्यापलीकडच्या दुकानांकडे खूण केली. "आणि नवंकोरं आणू नका. साहेब बघतात."

तिने लेकीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि पिशवी उचलली.

सासऱ्यांना आवारातल्या बाकावर बसवून, लेकीसाठी बिस्किटं आणते असं सांगून ती रस्ता ओलांडून गेली. दुकान गणवेशाच्या शिलाईचं होतं. टोप्या, पट्टे, शिट्ट्या, पितळी बटणं. कुठल्या लढाईचं पाहिजे, असं दुकानदाराने विचारलं, दोऱ्याचा रंग विचारावा तसं. पत्र्याचा डबा आणून काउंटरवर उपडा केला. पदकं घरंगळली. लेकीने एक उचलून तोंडात घातलं आणि तिने बोट घालून ते बाहेर काढलं. लाळेने माखलेलं, झगझगीत. पिशवीत एकेचाळीस झेरॉक्स घेऊन ती अकरा महिने फिरत होती, आणि इथे त्यातली एकही कुणी मागत नव्हतं.

"जुनं आहे का?" आपलाच आवाज तिला परका वाटला.

दुकानदाराने खालच्या फळीवरून दुसरा डबा काढला. ही घराघरांतून येतात, तो म्हणाला. म्हातारा गेला की पोरं ट्रंक रिकामी करतात. त्यात काळपटलेली पदकं होती, काहींना फीत होती, काहींना नुसती पिन. तिने जखमींचं निवडलं. फीत तेलकट झालेली, तिला कुणाच्या तरी कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांचा वास. दुकानदाराने ते वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून दिलं. तिने उघडून पुन्हा पाहिलं नाही. पर्सच्या सगळ्यात आतल्या कप्प्यात, लेकीच्या औषधाच्या चमच्यापासून दूर, ते कोंबलं.

प्रतिज्ञापत्र तिने त्याच संध्याकाळी लिहिलं. अक्षर तिचं चांगलं होतं. 'सदर पदक मला सेवेत असताना मिळाले असून ते जुन्या ट्रंकेत सापडले आहे.' कॉलेजात निबंधाला बक्षिसं मिळवणाऱ्या हाताने लिहिलेलं ते वाक्य किती सरळ, किती सभ्य दिसत होतं. कागद सासऱ्यांपुढे ठेवून तिने सहीच्या जागी बोट टेकवलं.

"सगळं नीट लिहिलंस ना?"

"हो बाबा."

त्यांनी तिच्या बोटाच्या शेजारी सही केली. सावकाश, हुद्द्यासकट.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांना बाहेरच्या बाकावर बसवून ती आत गेली. कारकुनाने पदक पुढून पाहिलं, तळहातावर एकदा उडवलं आणि बाजूला ठेवलं. चहा संपायच्या आत काम झालं. 'रजेवर' या शब्दावर लाल रेघ आली, वर लढाईचं नाव आलं, खाली दोन्ही पदकांची नोंद, त्यावर शिक्का. एकवीस दिवस डोंगरावर काढलेला माणूस एका लाल रेघेने डोंगरावर परत गेला. तिने सासऱ्यांना आत बोलावलं. कारकुनाने शिक्क्याची शाई फुंकून वाळवली. पुन्हा कागदात गुंडाळलेलं पदक टेबलावरून सरकवलं आणि हात पुढे केला.

"अभिनंदन, आजोबा."

सासऱ्यांनी तो हात दोन्ही हातांत घेतला. मग कारकुनाने तो तिच्याकडे वळवला. तिने दोन्ही हात लेकीभोवती गुंतवून ठेवले.

घरी आल्यावर तिने आधी साबणाने हात धुतले. मग लेकीचे धुतले, आणि परत स्वतःचे. बाहेरच्या खोलीत सासऱ्यांनी पुस्तिका मांडीवर उघडून ठेवली होती. तिने ती नोंद तीन वेळा वाचून दाखवली. तिसऱ्या वेळी ते डोळे मिटून ऐकत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की क्षणभर तिला वाटलं, चुलीत जावो सगळं, बरंच केलं मी.

"आणि त्याने ते कागदात काय दिलं गं?"

"काही नाही. ऑफिसचा नमुना होता. फेकायचाच आहे."

"बघू."

हात पुढे आला तो मागे गेला नाही. लेक जमिनीवर बसून वाटी आपटत होती. तिने पर्स उघडली.

सासऱ्यांनी पदक पाहिलं नाही. ते बोटांत धरलं आणि अंगठा त्याच्या कडेवरून फिरवत नेला, हळूहळू, एक पूर्ण फेरा. एका जागी अंगठा थांबला. मागे आला. पुन्हा तिथेच थांबला.

"कडेवर कोरतात," ते म्हणाले. "ज्याचं असेल त्याचा नंबर. वाच."

खिडकीपाशी जाऊन तिने पदक तिरकं धरलं. काळपट कडेवर बारीक अक्षरं होती. सात आकडे, एक हुद्दा आणि एक नाव. ते सासऱ्यांचं नव्हतं. तिने ते सगळं मोठ्याने वाचलं, आणि मग ती तशीच, खिडकीकडे तोंड करून, बाकीचं बोलली. दुकान. दोन डबे. जुनं आहे का, हे आपण कसं विचारलं ते. ट्रंकेत सापडल्याचं वाक्य. त्यांनी आवाज चढवावा असं तिला वाटत होतं. ते ती सोसू शकली असती.

लेकीची वाटी वाजतच होती.

"त्या डब्यात किती होती?"

"मोजली नाहीत. वीसेक असतील."

"लाळेश्वराने कड पाहिली नाही?"

"नाही."

ते नाकातून हसले. तिने वळून पाहिलं. पुस्तिका अजून मांडीवर उघडी होती आणि त्यांचं बोट त्या लाल रेघेवर होतं.

"हा कोण, कुठला, काय माहीत," ते म्हणाले. "याच्या घरचे असतील कुणी. नातू-बितू. रेकॉर्डात पत्ता असतो. कागद घे. लिही, की हे पदक या नंबरच्या शिपायाचं आहे आणि मी ते माझं म्हणून जमा केलं."

"बाबा, ते लिहिलं तर तुमची नोंद..."

"कळतंय मला."

"पुढच्या महिन्यात स्थापनादिन आहे."

"पाहुण्यांच्या मंडपातही जेवण तेच असतं."

डॉक्टरांनी सांगितलेलं तिच्या जिभेवर आलं. ते तिने तिथेच अडवलं. कालपासून ज्या जिभेवर खोटं होतं, तिच्यावरून आता हे खरं त्यांच्यापुढे टाकायची तिला किळस वाटली. लेकीच्या हातातली वाटी काढून घेऊन तिने ओट्यावर ठेवली, फळीवरून कोरा कागद आणि पेन घेतलं आणि त्यांच्या पायाशी बसली.

"ते प्रतिज्ञापत्र मी लिहिलं असं लिहिते. तुम्हाला माहीत नव्हतं असं."

"सही माझी आहे." त्यांनी पदक तिच्या गुडघ्यावर ठेवलं, कड वर करून. "आणि या खेपेला सहीच्या आधी मला वाचून दाखव."

तिने आधी ते सात आकडे लिहिले आणि वाचले.

"पुन्हा," सासरे म्हणाले.