जिथे आहात तिथेच थांबा

तेजस्वीचा फोन आला तेव्हा मी उद्यमनगरातल्या कारखान्यात लेथवर काम करत होतो. "काका, म्याडम जोतिबाच्या पायऱ्यांवर बसल्या आणि उठंनात. दवाखान्यात आणलंय. तुम्ही या."

मी पोचलो तेव्हा ती दारातच उभी होती. माझ्या बायकोची, वर्षाराणीची, पर्स तिनं पोटाशी धरली होती, त्यावरून मला कळलं.

वर्षाराणी मोबाइलची ॲप बनवायला शिकवायची. राजारामपुरीत एका गाळ्यात तिचा क्लास होता. तेजस्वी तिची जुनी विद्यार्थिनी. क्लासच्या पहिल्या दिवशी वर्षाराणी कुणाला संगणकाला हात लावू द्यायची नाही. एकाला रस्त्यापलीकडे उभं करायची आणि दुसऱ्याला अलीकडून हाक मारायला लावायची.

"तू मोबाइल. पलीकडं उभा हाय तो सर्व्हर. तू हाक मारायची, त्यानं ओ द्यायची. मधी गाड्या, हॉर्न. ओ न्हाय आली तर काय करशील?"

"परत हाक मारीन की म्याडम."

"लगेच? सगळेच एकदम वरडाय लागले तर कुणाचं कुणाला ऐकू येणार? जरा थांबायचं. तरी ओ न्हाय आली तर दुप्पट थांबायचं. पण हाक सोडायची न्हाय."

मी डबा द्यायला गेलो की हे कानावर पडायचं. मला नेटवर्किंग येतं ते एवढंच.

जोतिबाच्या चैत्र यात्रेत माणसं चुकतात. डोंगरावर इतकी गर्दी होते की फोनवर रेंज दिसते, पण काही जात नाही. तिनं त्यासाठी ॲप केलं होतं. फोटो अडकतो, म्हणून नुसता मजकूर पाठवायचा: कोण हरवलं, अंगावर कोणते कपडे होते, कोण शोधतंय. नोंद गेली नाही तर फोनमध्येच थांबते आणि वाट मिळाली की आपोआप निघते. हरवलेल्याजवळ फोन असेल तर त्याला संदेश जातो. त्यानं ओ दिली नाही, तर पुन्हा जातो. भेट झाली की दोघांनी आपापल्या फोनवर, फोन नसेल तर मदत केंद्रातून, तसं बटण दाबायचं. हरवलेल्यानं दाबलं की तीच त्याची ओ, पण एकानंच दाबून नोंद बंद होत नाही. "एकाच्या सांगण्यावरनं पोरगं कुणाच्याबी हातात द्यायचं का?" असं ती म्हणायची.

रक्षाविसर्जन करून पंचगंगेवरून घरी आलो. तिचा फोन पर्समध्ये बंद पडला होता. मी तो चार्जिंगला लावला. तो सुरू झाला आणि थोड्या वेळानं माझा फोन वाजला.

'वर्षाराणी आपल्याला शोधत आहेत. जिथे आहात तिथेच थांबा.'

मी चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात होतो. तिथेच थांबलो.

"काय झालं रं?" माझी बहीण आक्का म्हणाली.

"काय न्हाय."

तेजस्वीनं मग उलगडून सांगितलं. म्याडम गेल्या त्या दिवशी, यात्रेतच, डोंगरावर ॲप तपासायला सगळ्यांनी एकेक खोटी नोंद भरली होती. म्याडमनी माझ्या नावाची भरली. गर्दीमुळे काही जात नव्हतं, म्हणून ती फोनमध्येच राहिली. तेजस्वीनं मला ती नोंद दाखवली. 'उद्यमनगरचे विजयसिंह. वय त्रेपन्न. निळा शर्ट, खिशाला ग्रीसचा डाग. दोन हाका मारल्याशिवाय ओ देत नाहीत.'

"लई हसल्या हे लिहून," तेजस्वी म्हणाली.

मी ओ दिली नाही. त्यामुळे संदेश येत राहिले. आधी मिनिटांनी, मग तासांनी, मग दिवसांनी. प्रत्येक वेळी मी होतो तिथे उभा राहायचो. कधी रंकाळ्यावर, कधी भाजीवाल्यासमोर. एकदा लेथ बंद करून उभा राहिलो, तर मालक हंबीरराव ओरडले, "काय विजूभाऊ, देव दिसला काय?" पुढे महिने जाऊ लागले. शेवटी शेवटी मी फोन हातात घेऊन संदेशाची वाट बघत बसायचो.

यंदा यात्रेआधी तेजस्वी घरी आली. ॲप आता ती सांभाळते.

"काका, म्याडमची नोंद अजून उघडी हाय. यात्रेत सगळ्या स्वयंसेवकांना दिसणार. मला इथनं काढता येती, पण मी तिला हात लावणार न्हाय. तुम्ही दोन्ही फोनवर बटण दाबा की."

"न्हाय दाबलं तर?"

"तुमचं नाव पुकारतील भोंग्यावर!" ती हसली, मग तिची नजर वर्षाराणीच्या फोनवर गेली.

"दाबतो," मी म्हणालो.

दाबलं नाही. यात्रेच्या दिवशी निळा शर्ट घालून डोंगरावर गेलो. गुलालानं सगळे सारखेच दिसत होते. देवाच्या उंच सासनकाठ्या नाचत होत्या. चांगभलंच्या गजरात भोंगा सुरू झाला.

"उद्यमनगरचे विजयसिंह! वर्षाराणी आपल्याला शोधत आहेत. जिथे आहात तिथेच थांबा!"

पहिल्यांदाच ते माणसाच्या तोंडून ऐकलं. मी दगडी खांबाला टेकून थांबलो. पुन्हा पुकारलं. मला वाटत होतं, असंच पुकारत राहावं.

गळ्यात ओळखपत्र घातलेला एक घामाघूम माणूस गर्दीतून माझ्यापाशी आला. त्यानं माझ्या खिशाचा डाग बघितला.

"विजयसिंह तुम्हीच का हो पावणं?"

"व्हय."

"मग ओ द्यायला काय झालं? मंडळी शोधून दमल्या असतील. मी धैर्यशील, मदत केंद्रातला. तुमच्यापायी किती वेळ हिंडतोय! तिथं चिमणाबाई म्हणून एक म्हातारी रडाय लागलीया. तिची माणसं शोधायची सोडून मी तुमच्या मागं. दाबा बघू बटण."

त्या म्हातारीचं ऐकून मला लाज वाटली. मी फोन काढला आणि माझ्या बाजूचं बटण दाबलं.

"आता मंडळींना दाबाय सांगा. कुठं हाईत त्या?"

"त्यांचा फोन घरात हाय."

"बरं, घरी गेल्यावर दाबा. जावा, वाट बघत असतील," तो म्हणाला आणि पळाला.

घरी आलो. तिच्या फोनवर अक्षरं आली होती. 'विजयसिंह यांनी ओ दिली आहे. आपली भेट झाली का?'

माझ्या बाजूनं ओ गेली, त्यामुळे स्वयंसेवकांच्या यादीतून माझं नाव उतरलं. मला आता संदेश येत नाहीत. तिचा फोन मी रोज चार्जिंगला लावतो. त्यावरचं बटण दाबायचं राहिलं आहे.