तिसरा वाटा

या मित्रांनो, जवळ सरका. देवाने दिलेले दोन्ही कान इकडे करा. एका धाग्याची गोष्ट सांगते.

मी एक जुनी काचपट्टी आहे. भट्टीतून निघाले तेव्हा अगदी निर्मळ होते. पुढे तपासणीच्या खोलीत एका शिंपीणबाईच्या मानेतल्या गाठीचा पापुद्र्याहून पातळ काप माझ्या पाठीवर चिकटवला. काचा रंगवणाऱ्या मावशींनी तो जांभळ्या रंगात बुडवला, आणि पेशींच्या पोटातले सारे उघडे पडले.

काय त्या निर्मात्याची करामत! पेशी नुसत्या डोळ्याला दिसतही नाही, पण तिच्या पोटात दोन मीटर धागा असतो. तो म्हणजे डीएनए. हिस्टोन नावाच्या इवल्या रिळांवर तो गुंडाळलेला असतो. त्या गुंडाळीला म्हणतात क्रोमॅटिन. एका पेशीच्या दोन होताना ती गुंडाळी आणखी घट्ट होते आणि दोन्ही लेकींना सारखा वाटा मिळतो. माझ्या पाठीवर मात्र गुंडाळीचे काळे, ओबडधोबड गठ्ठे झाले होते. एका पेशीत तर धागा दोन नव्हे, तीन बाजूंना ओढला जात होता. कर्करोग असाच वाटणी बिघडवतो.

शिंपीणबाई बाहेर बाकावर पिशवी कवटाळून बसली होती. मोठे डॉक्टर आले. मोठे कसले! खुर्ची हत्तीची, नजर मुंगीची. कानाला फोन लावून त्यांनी भिंगातून माझा एक कोपरा पाहिला.

"साधी सूज आहे. पाठवा घरी."

"साहेब, मधे बघा ना जरा," मावशी म्हणाल्या. "वाटे दोन हवेत, तिथे तीन झालेत."

"मावशी, तुम्ही काचा रंगवा. बघायचं आम्हाला कळतं."

कळतं म्हणे! विहिरीतल्या बेडकाला समुद्र कळतो, तेवढेच!

मावशींनी त्या पेशीशेजारी शाईचा ठिपका दिला, मला पुन्हा भिंगाखाली ठेवले आणि दारात उभ्या राहिल्या.

"एवढा ठिपका बघा. मग खुशाल सही करा."

साहेब चरफडत वाकले. आधी फोन खाली आला, मग आवाज.

"बाईंना... थांबवा."

उपचार वेळेत झाले. शिंपीणबाईचे शिवणयंत्र पुन्हा चालू लागले. भिंतीवर तसबीर कोणाची लागली? साहेबांचीच! शहाण्यांच्या जगाची ही अशी अक्कल. मावशी निवृत्त झाल्या, मी खणात धूळ खाते आहे.

मित्रांनो, मला पुसले नाहीत तरी चालेल, पण माणसाचा जीव असा कोपऱ्यावरून तपासू नका. आणि हात जोडाल तेव्हा त्या ठिपकेवाल्या मावशींची आठवण ठेवा. त्यांची तसबीर कुठेच नाही.