हालचाल रजिस्टरातले नऊ महिने

जळगावच्या आमच्या घरात, दाराशेजारच्या खिळ्याला हालचाल रजिस्टर टांगलेले असते. धरणगावच्या शाळेत मी एकोणीस वर्षे मुख्याध्यापिका होते. तारीख, ठिकाण, कारण आणि वेळ यांची नोंद झाल्याखेरीज माझा एकही शिक्षक फाटकाबाहेर पडला नाही. निवृत्तीनंतर तोच शिरस्ता मी घरी आणला. नोंद मी लिहिते, जाणारा सही करतो. माझा मुलगा प्रशील इमारतींची कंत्राटे घेतो. कोथिंबीर आणायला जाताना सही करणारे जगात आपले एकच कुटुंब असेल, असे तो म्हणतो. असेल. पण कोण कुठे गेले हे विचारण्यासाठी आमच्याकडे फोन फिरवावे लागत नाहीत.

माझी सून संघमित्रा स्थापत्य अभियंता आहे. लग्नानंतर आठव्या दिवसापासून ती प्रशीलच्या बांधकामांवर जाते. जमिनी आणि इमारतींची नोंदणीकृत मूल्यांकनकार व्हावे, असे तिने मनात घेतले होते. त्यासाठी आधी मूल्यांकनकारांच्या मान्यताप्राप्त संस्थेचे सभासदत्व हवे, मग पन्नास तासांचा अभ्यासवर्ग, मग परीक्षा. आणि या सर्वांच्या आधी पाच वर्षांच्या अनुभवाचे प्रमाणपत्र. त्या मे महिन्यात लग्नाला पाच वर्षे पूर्ण झाली होती. धुळ्याची एक बँक वर्षअखेरीस नवे मूल्यांकनकार नेमणार होती. जूनच्या अभ्यासवर्गाला प्रवेश मिळाला, तरच संघमित्रा तिथे वेळेत पोहोचणार होती.

वाट पाहणे माझ्या स्वभावात नाही. मी पाट्या कोरणाऱ्या गिरधरकडे तिच्या नावाची पितळी पाटी करायला टाकली आणि धुळ्याला माझ्या धाकट्या बहिणीला, प्रमिलाबाईला, तसे कळवूनही टाकले.

एका रविवारी सकाळी चहा झाल्यावर प्रशीलने प्रमाणपत्राचा कागद संघमित्रासमोर ठेवला. तिने तो वाचला आणि परत सरकवला.

"अहो, हे चालणार नाही."

"का? पाच वर्षं, तारखेसकट लिहिलंय."

"पदवीनंतरची पाच वर्षं लागतात. माझा एक विषय राहिला होता. पदवी हातात आली ती लग्नानंतर नऊ महिन्यांनी."

"पण साइटवर तर तू पहिल्या महिन्यापासून आहेस! नथ्थू मिस्त्रीला विचार. पहिल्याच आठवड्यात तू त्याला अख्खी भिंत पाडायला लावलीस, ते तो अजून सगळ्यांना सांगत फिरतो."

"भिंत वाकडीच होती. काम केलं ते खरंच आहे. पण पदवीच्या आधीचं काम ते धरत नाहीत."

मी मध्ये पडले. "संघमित्रा, अर्ज पाठव. तू काम केले आहेस, हे आम्ही सर्वांनी पाहिले आहे. तिकडे नऊ महिने मोजत कोण बसणार आहे? पाटीसुद्धा तयार झाली आहे."

ती उठली, माळ्यावरून जुनी रजिस्टरे काढली आणि पदराने धूळ पुसून त्यांतले एक माझ्यापुढे उघडे केले. डिसेंबरचे पान होते. अक्षर माझेच. 'संघमित्रा. धुळे. राहिलेल्या विषयाची परीक्षा. पहाटे साडेपाच.' पारोळ्यामार्गे जाणाऱ्या पहिल्या एस.टी.साठी ती निघाली होती आणि मी तिला भाकरी बांधून दिली होती, हे मला लख्ख आठवले. तिने आणखी काही पाने उलटली. फेब्रुवारी. 'धुळे. निकालपत्र आणणे.'

"आई, ही नोंद तुमची आहे," ती शांतपणे म्हणाली. "कोणी विचारलं, तर मी काय सांगू? ही खोटी आहे म्हणून?"

नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी कोणाला दहा मिनिटांची खोटी वेळ लिहू दिली नव्हती.

"आता बोल," प्रशील हसत म्हणाला. "तुझंच रजिस्टर."

"तू गप्प बस. आणि तो कागद फाड. फेब्रुवारीत दुसरा लिही."

"मग धुळ्याची बँक?"

"ती नेमेल दुसऱ्या कोणाला तरी," संघमित्रा म्हणाली आणि कपबशा उचलून आत गेली. तिला वाईट वाटले नाही, असे मी म्हणणार नाही. बँकेने पुढे तिच्याच कॉलेजच्या वर्गातल्या किरणला नेमले. त्याच्या अभिनंदनाचा फोन तिने आमच्यासमोर केला.

त्या रविवारनंतर आठवड्याने प्रमिलाबाईचा फोन आला. "अक्का, पाटी लागनी का?"

"नाही. नऊ महिने थांबायचे आहे."

"नऊ महिने? अगं, मग आधी पेढे पाठव!"

तिचा गैरसमज दूर करायला मला पाव तास लागला.

पाटी वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटामागे ठेवली. फेब्रुवारीत प्रशीलने नवे प्रमाणपत्र लिहिले. या वेळी मी तारखा रजिस्टराशी ताडून पाहिल्या आणि मगच त्याला सही करू दिली. सभासदत्व मिळाले. अभ्यासवर्गाच्या दिवसांत मी घरातला टीव्ही बंद ठेवला. परीक्षेत चुकलेल्या उत्तराचे गुण कापतात, म्हणून ठाऊक नसलेला प्रश्न तिने सरळ सोडून दिला. तरीही ती पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झाली. नोंदणी आली, त्या दिवशी पाटी चिंचेने घासून दाराला लावली. गिरधरने अक्षरे सुबक कोरली आहेत.

पहिले काम धरणगावच्या एका कंपनीच्या गोदामाचे आले. सकाळी मोजपट्टी आणि कागद घेऊन ती दाराशी आली. मी रजिस्टर उघडले. तारीख लिहिली, नाव लिहिले, ठिकाण लिहिले. कारणाच्या रकान्यापाशी माझा हात थबकला. वरच्या ओळींत, मागच्या पानांवर, तिच्या नावापुढे मी वर्षानुवर्षे एकच कारण लिहीत आले होते. 'प्रशीलला मदत.' तिने कधी हरकत घेतली नव्हती. पण नोंद चुकीची होती, आणि अक्षर माझे होते.

त्या रकान्यात मी 'मूल्यांकन' असे लिहिले आणि पेन तिच्या हाती दिले.

तिने ते वाचले, माझ्याकडे पाहिले आणि सही केली.

"आल्यावर माझ्याकडून परतीची वेळ लिहून घ्यायला विसरू नकोस," मी म्हणाले.

"हो, आई," ती म्हणाली आणि जिना उतरली.