मागे न जाणारी मॉरिस

रविवारी सकाळी गुरुराजने वडिलांच्या मॉरिसचा गिअरबॉक्स उतरवला आणि मागच्या व्हरांड्यात जुन्या वर्तमानपत्रावर ठेवला. मद्रासजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात तो गिअर तपासायच्या विभागात होता. पहिल्या गिअरला गाडी करकरायला लागली तरी वडिलांनी, व्यासराजरावांनी, ती वर्कशॉपला धाडली नाही. घरात तपासनीस असताना बाहेर कशाला, म्हणाले.

पायरीखाली ड्रायव्हर शेषगिरी हात बांधून उभा होता. दोष त्याचा निघाला तर नोकरी जाणार, हे त्याला सांगून झालं होतं.

दाराआड गुरुराजची बायको कुमुदिनी तांदूळ निवडत बसली होती. दोष कोणाचा ते तिला माहीत होतं.

लग्न होऊन ती मिरजेहून मद्रासला आली त्याला दोन वर्षं होत आली होती. पुरसवाकमचं हे घर लांबट. पुढचं फाटक एका रस्त्यावर, मागचं दुसऱ्यावर. घरातून निघालेलं वाहन मागे सरकू नये, हा सासऱ्यांचा नेम, आणि त्यासाठीच आपण हे घर घेतलं असं ते पाहुण्यांना सांगत. गाडी पुढच्या फाटकातून बाहेर पडे आणि वळसा घालून मागच्यातून आत येई. तिरुवल्लिकेणीला भजनाला गेले तरी ती सरळ निघता येईल अशीच लावली जाई. घरच्या सुनेने एकटीने फाटक ओलांडू नये, हा त्यांचा दुसरा नेम. फाटकांना कुलूप नव्हतं, फक्त कडी होती.

दुपारी सासरे शेजारी बुद्धिबळाला जात आणि शेषगिरी जेवायला घरी. तेव्हा कुमुदिनी गाडी काढी. माहेरी वडिलांनी तिला चालवायला शिकवली होती. घराच्या कडेने, पहिल्या गिअरात, पुढच्या फाटकापर्यंत. बंपर टेकायच्या बेताला आला की रिव्हर्स टाकून परत. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. मग खाली उतरून ती झाडूने चाकांच्या खुणा पुसे.

गुरुराजने आधी तेल गाळलं. फडक्यावर पोलादाचा चुरा राहिला. मग एकेक दातेरी चाक उजेडात धरून त्याने दातांवरून नख फिरवलं. वरचे गिअर गुळगुळीत होते. पहिल्याच्या दातांवर ओरखडे होते, पण ते मागाहून पडलेले. मध्ये काहीतरी चिरडलं गेलं होतं. ते त्याला तळाशी सापडलं. रिव्हर्सच्या छोट्या चाकाचा तुटका दात.

"काय दिसतंय रे?" व्यासराजरावांनी विचारलं.

"अप्पा, आपण रिव्हर्स किती वापरतो?"

"या गाडीला तो आहे हेच मी विसरून गेलोय." ते शेषगिरीकडे वळले आणि तमिळमध्ये म्हणाले, "का रे? माझ्या पाठीमागे कुणाला फिरवत होतास?"

"सामी, त्या गिअरला मी हातसुद्धा लावलेला नाही."

"मग गाडी आपणहून मागे गेली म्हणायची. जेवण जड झालं असेल, शतपावली केली तिने."

गुरुराज अजून चाक फिरवत होता. सगळ्या दातांच्या कडा एकाच बाजूने उडाल्या होत्या. "गाडी पुढे सरकत असतानाच रिव्हर्स टाकला की असं होतं," तो म्हणाला. "थांबेपर्यंत धीर धरलेला नाही. आणि लांबही नेलेली नाही. वरच्या गिअरांना काहीच झालेलं नाही. पहिला, रिव्हर्स, पहिला, रिव्हर्स. थोड्याशा जागेत..."

तो थांबला. त्याने घराच्या कडेच्या वाटेकडे पाहिलं, मग दाराकडे. सुपातला कुमुदिनीचा हात थांबला होता.

"थोड्याशा जागेत काय?"

"काही नाही. वय झालंय अप्पा, तुमच्या दाढेसारखं. शेषगिरीचा काही संबंध नाही."

"सरि, ठीक आहे. मग दाढेसारखं उपटून टाक. नाहीतरी नकोच होतं."

"टाकतो," गुरुराज म्हणाला.

जेवायला वाढताना कुमुदिनीने हळूच विचारलं, "अहो, ते चाक नवीन नाही का मिळत?"

"मिळतं की." त्याने भातावर रसम ओतून घेतलं. "तुला कशाला हवंय?"

ती भात वाढत राहिली.

गुरुराजने रिव्हर्सशिवायच गिअरबॉक्स परत बसवला. पुढचे काही दिवस कुमुदिनी दुपारी गाडीत नुसती बसे. पुढे नेली तर परत आणता येणार नव्हती. एकटीने ढकलून ती हलत नाही, हे तिने पाहिलं होतं. बुद्धिबळाहून परतणाऱ्या सासऱ्यांना गाडी फाटकाला नाक लावून उभी दिसली असती.

गुरुराज रोज मागच्या फाटकाने स्टेशनला जाई आणि जाताना कडी लावून घ्यायला हाक मारी. त्या शुक्रवारी त्याने हाक मारली नाही. दुपारी कुमुदिनी मागे गेली तर फाटक सताड उघडं होतं आणि हलू नये म्हणून खाली वीट लावली होती.

तिने वीट काढली नाही. गाडी सुरू केली, पुढच्या फाटकापर्यंत नेली आणि थांबवली. आता परत यायचं तर एकच वाट होती, बाहेरून.

इंजिन चालू ठेवून ती उतरली. पुढची कडी नेहमी दोन हातांनी ओढावी लागे. आज ती एका बोटाने सरकली. बोटाला काळं तेल लागलं, गिअरबॉक्समधून गाळलेलं.