महाल्लाचा आखूड पाय

मी एक जुना पाय आहे, मित्रांनो. एकटाच. दचकू नका, माणसाचा नव्हे. शिवणयंत्रात सुईखाली कापड दाबून धरतो ना, तो पोलादाचा पाय. तुमच्या बोटाच्या दोन पेरांएवढा. उभ्या आयुष्यात मी एका टाक्यालाही हातभार लावलेला नाही. आधीच सांगतो, मागाहून कुरकुर नको.

माझा जन्म महाल्ला नावाच्या गिरण्यांच्या शहरात, हज करून आलेल्या मालकाच्या, हाज मितवल्लीच्या, ओतकामाच्या कारखान्यात झाला. माझी आई मेणाची. अवातिफ नावाच्या बाईने तिला रबरी साच्यातून अलगद काढलं, कडा ब्लेडने तासल्या आणि तीस मावश्यांबरोबर मेणाच्याच एका खोडाला चिकटवलं. मग ते झाड पातळ चिखलात बुचकळायचं, वर वाळू भुरभुरायची, वाळवायचं, पुन्हा बुचकळायचं. असं सात वेळा. चिखलाचं कवच टणक झालं की आत वाफ सोडायची. आई वितळून वाहून गेली. तिच्या रिकाम्या जागेत भट्टीवरच्या मुख्य कारागिराने, उस्ता बयूमीने, रसरशीत पोलाद ओतलं, आणि गार झाल्यावर कवच हातोडीने फोडलं. डोळे उघडतोय तोच डोक्यात हातोडी! तुमच्या सुइणी बऱ्या.

पण माझं वाटोळं जन्माआधीच झालं होतं. साचा नीट खोदून घ्यायचा तर महिना लागणार. हाजने परदेशातून आलेला एक तयार पाय उचलला. "ह्याच्यावरच रबर ओता. हुबेहूब उतरेल."

अवातिफ म्हणाली, "हाज, मेण गार होताना आकसतं. पोलादही आकसतं. साचा मापाहून मोठा हवा."

"तू मेण ढवळ. तुझ्या जन्माआधीपासून मी हा धंदा करतोय."

"मी पंचेचाळीस वर्षांची आहे, हाज. कारखान्याला बारा झाली."

उस्ता बयूमीला चहाचा ठसका लागला. हाजने ऐकलं नाही. मेणाच्या खोलीतल्या बाईचं ऐकायचं म्हणजे ह्यांच्या मिशीला पीळ कसा राहणार!

आम्ही चारशे भाऊ कपड्यांच्या गिरणीत गेलो. तिथे खटाखट सुया मोडल्या, कारण आमची खाच अरुंद झाली होती आणि सुई थेट आमच्या बोटांवर आदळत होती. चारशेही जण पोत्यातून परत. हाजचा चेहरा भट्टीसारखा लाल झाला.

"मेण खराब होतं! अवातिफ, उद्यापासून येऊ नकोस."

घरात तिच्याशिवाय कमावणारं कोणी नव्हतं. तरी ती रडली नाही. तिने पोत्यातून मला उचललं.

"जाते. पण आधी ह्या पायावर साचा घ्या. मेण तुम्ही वितळवा, तुम्हीच भरा. मी बोट लावणार नाही. माप बरोबर उतरलं तर पुन्हा तोंड दाखवणार नाही."

"असल्या पोरखेळाला मला वेळ नाही."

"भ्यालात काय, हाज?" उस्ता भट्टीजवळून म्हणाला.

झालं! हाज बाह्या सरसावून मेणाच्या खोलीत शिरला. बोटं भाजली, मिशीला मेण लागलं. अवातिफ दारात स्टुलावर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत बघत राहिली. आठवड्याने माझा मुलगा जन्मला. माझ्याहून आखूड.

"उस्ता, तुझी भट्टी बिघडलीय!"

"मग पुन्हा करा. भट्टी मी तुमच्यासमोर लावतो."

आता मुलाच्या अंगावर साचा घेतला. आणखी एका आठवड्याने माझा नातू जन्मला. त्याहून आखूड. हाजने टेबलावर ओळ लावली: परदेशी आजोबा, मी, मुलगा, नातू. घरातलीच माणसं फोटोला उभी राहावीत तशी, उंचीने उतरत.

उस्ताने मान वाकडी करून ओळ न्याहाळली. "अजून पाचसहा वेळा ओता, हाज. मुंग्यांना सदरे शिवता येतील."

मग सगळे हसले. हाज सोडून.

माफी? छे! असल्या माणसांच्या तोंडात तो शब्द अडकतो. तो भिंतीकडे बघत पुटपुटला, "साचा... किती मोठा हवा?"

अवातिफने मांडीवरची टरफलं झटकली. "बसा, सांगते. आणि ह्या वेळी लिहून घ्या."

नवे पाय गिरणीत गेले, अजून चालताहेत. माझे बाकीचे भाऊ भट्टीत वितळून गेले. आम्हा तिघांना, मला, मुलाला आणि नातवाला, अवातिफने दोऱ्यात ओवून हाजच्या टेबलामागच्या खिळ्याला टांगलं. हाजने "मला सगळं ठाऊक आहे" म्हणायला तोंड उघडलं की जाताजाता ती आम्हाला टिचकी मारते. आम्ही किणकिणतो. हाज तोंड मिटतो.

मित्रांनो, मला तेल नको, पुसायलाही नको. पोलाद उत्तम आहे. चूक मापाची होती, आणि ते माप मी घेतलं नव्हतं. एवढंच करा. उद्या तुम्ही मालक झालात, तर ज्याचे हात रोज त्या मेणात असतात त्याला आधी विचारा, आणि मग गप्प बसून ऐका.

नाहीतर खुशाल या. आमच्या खिळ्यावर अजून बरीच जागा आहे.