शून्य हरकती

कुणालाच नको असलेली गोष्ट कुठे न्यायची, हे आमचं नियोजन खातं एका तक्त्यावरून ठरवतं. पाच जागा घ्यायच्या आणि प्रत्येकीला गुण द्यायचे. रस्त्याची रुंदी, उतार, वाऱ्याची दिशा. शेवटचा रकाना 'पूर्वीच्या हरकती': हरकती कमी तर गुण जास्त. हा रकाना मीच सुचवला होता आणि त्याचा मला चांगलाच तोरा होता.

या खेपेला कचरा वेगळा करण्याच्या शेडसाठी पहिला नंबर आला मावशीच्या गल्लीचा. सांडपाण्याचं पंपघर तिथंच, बसगाड्या धुवायची जागाही तिथंच. तरी रकान्यात शून्य. साहेब म्हणाले, "सोशिक माणसं दिसतात." मी मान खाली घालून कागद चाळत राहिले.

सुनावणीच्या आदल्या दिवशी मावशीकडे गेले. आईच्या मागे तिनेच मला लहानाचं मोठं केलं. वास येऊ नये म्हणून तिने खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबल्या होत्या, तरी तो उशीच्या अभ्र्यापर्यंत पोचला होता.

"आता कचरापण आमच्याच दारात म्हणे," ती म्हणाली.

"मावशी, तुमच्या गल्लीतून एकही हरकत नोंदवलेली नाही. खात्याला कळणार कसं?"

"अगं, तुझ्याच हातात दिल्या होत्या की. पंपघराच्या वेळी अकरा, बसच्या वेळी तीस. सगळे माझ्याकडे आणून द्यायचे. आपली पोरगी तिथंच आहे, खिडकीवर कशाला ताटकळायचं, म्हणायचे."

मला आठवलं. खोटं कशाला बोलू, मी विसरलेच नव्हते. मावशीच्या गल्लीचे कागद मीच आवक खिडकीवर नेले तर लोक बोट दाखवतील, म्हणून ते टेबलाच्या खालच्या खणात गेले. याला मी निःपक्षपातीपणा म्हणायचे. कागद परत देऊन 'तुम्हीच नेऊन द्या' म्हणायला मात्र जीभ रेटली नाही.

"तू 'बघते' म्हणालीस," मावशी म्हणाली, "म्हणून आम्ही पुन्हा कुठे गेलोच नाही."

ती चिडली असती तर बरं वाटलं असतं.

सकाळी खण उपसला आणि एक्केचाळीस कागद घेऊन आवक खिडकीच्या रांगेत उभी राहिले.

"मॅडम, तुम्ही रांगेत?" कारकून म्हणाला. मग वरचा कागद उलटसुलट करून, "हा नऊ वर्षांपूर्वीचा आहे. शिक्का आजचा बसेल."

"बसू दे."

सुनावणीत साहेब तक्ता वाचत शेवटच्या रकान्यापर्यंत आले. "पूर्वीच्या हरकती, शून्य."

मी उठले. "एक्केचाळीस. त्या माझ्या खणात होत्या. शून्य माझं आहे, गल्लीचं नाही."

साहेबांनी चष्मा काढला. "याचे परिणाम कळतात ना तुम्हाला?"

"कळतात."

त्यांनी तक्ता मिटला आणि गुण पुन्हा काढायला सांगितले. अर्थात, ते काम माझ्याकडे नसणार होतं.

तिसऱ्या रांगेतून मावशी उठली. हातात नवा कागद होता. सवयीने ती माझ्याच दिशेने निघाली आणि मीही नकळत हात पुढे केला. दोन पावलांवर ती थांबली, वळली आणि सुनावणीत हरकती घ्यायला बसलेल्या कारकुनाच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. शिक्का नीट उमटलाय का ते पाहिलं आणि पोच मागून घेतली.