न बुडणारा कपडा

आमच्या गावात तलावाच्या पाण्यावरून डोकी फुटत नाहीत, पोरं पोहतात. धान निसवायला आला की तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, उघडतात. पहिली पाळी कोणाची, हे पोहून ठरते. तलावाच्या मधात दगडी खांब आहे. तिथवर जायचं, बुडी मारायची, तळाचा मूठभर चिखल आणायचा आणि पारीवर, तलावाच्या मातीच्या बांधावर, बसलेल्या पाणी वाटणाऱ्या बकारामच्या हातावर ठेवायचा. ज्याचा चिखल आधी, त्याच्या बांधीत, धानाच्या शेतात, पाणी आधी.

दोन वर्षं झाली, पहिली पाळी माझी धाकटी जाऊ धुरपता नेते. तिचा नातू गुड्डू म्हशीसंगं पोहून मोठा झालेला. यंदा माझ्या बांधीत हात जाईल एवढ्या भेगा, आणि धान गर्भात. मागून पाणी आलं तर लोंबीत दाणा नाही, नुसतं फोल. म्हणून नागपूरला शिकणाऱ्या नातवाला, भुपेंद्रला, फोन लावला. म्हटलं, ये, आणि जिंकायचं काही असेल तर घेऊन ये.

त्यानं आणला एक काळा कपडा. मानेपासून घोट्यापर्यंत, सापाच्या कातीसारखा गुळगुळीत.

“आजी, हा घातला का आंग पान्यावरच राहते. मोठमोठ्या शर्यतीत याच्यानं इतके विक्रम मोडले का शेवटी बंदी आली याच्यावर.”

मला तेवढं पुरे झालं. ज्याच्यात दम नाही, त्याच्यावर कोण बंदी घालते?

तो घालणं मात्र म्हशीला बनियान घालण्यासारखं. माझा लेक चुन्नीलाल एका पायाला, मी दुसऱ्या पायाला, सून मागून रेटते. तांदळाचं पीठ लावलं तेव्हा कुठं मांड्या आत गेल्या. आत चड्डीसुद्धा नाही. आत काही घातलं की कपड्याचा गुण जातो म्हणे.

पारीवर पोहोचलो तर बकारामनं मान हलवली. “बाई, हा पोरगा पोहून राहिला का कपडा?”

“काऊन गा बकाराम? तू बांधी ट्रॅक्टरनं नांगरतं, मंग धान का ट्रॅक्टरच्या घरी नेऊन टाकतं?”

पारीवर हसू पिकलं. बकारामनं गमछा हलवला. दोन्ही पोरं पाण्यात.

काय सांगू! भुपेंद्र पाण्यात नव्हताच, पाण्यावर होता. गुड्डू अजून कमळाच्या पानात हातपाय मारतो, तर हा खांबाजवळ. मी धुरपताकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहायची गरज काय?

मग त्यानं बुडी मारली. डोकं खाली गेलं, पाय वर आले, आणि तो तसाच राहिला. उलटा भोपळा. पुन्हा मारली, पुन्हा वर. खांबाला धरून स्वतःला खाली ओढलं, तर हात सुटला आणि बुचासारखा उसळून बाहेर.

“बुड न रे!” मी ओरडले.

“कपडा बुडू देत नाही, आजी!”

जन्मभर पोरांना तलावावर ‘बुडू नको रे’ म्हणत आले. ‘बुड’ म्हणायची पाळी पहिल्यांदाच आली. तोवर गुड्डू खांबाशी पोहोचला, पण हसून हसून त्याच्या नाकातोंडात पाणी. तोही खोकत खांबाला लटकला.

“काढ तो कपडा!”

“आजी, आत काही नाही! सारा गाव पाहून राहिला!”

मी पारीवर वळले. “पाठ करा सगळे! बकाराम, तू बी!”

माझ्या शब्दाला गावात मान आहे. सगळ्या पारीनं पाठ केली. समोर धानाच्या बांध्या, मागं पाण्याची झटापट.

“आलो!” दोन्ही पोरं एकदमच ओरडली. वळून पाहतो तर दोन मुठी, दोन्हींत चिखल. गुड्डू काठावर, भुपेंद्र गळ्याएवढ्या पाण्यात हात वर करून उभा. पहिला कोण?

“आमचा गुड्डू,” धुरपता म्हणाली. “म्या माह्या डोऱ्यानं पाह्यलं.”

“कसं वं? पाठ होती न तुही?”

बायका पदर तोंडाला लावून खिदळल्या. नागडं पोरगं चोरून पाहिलं, हे कोणती आजी कबूल करेल? साक्ष बाद झाली. बकाराम म्हणाला, “कोनाचा चिखल तळाचा, कोनाचा काठचा, पाहनारं कोनी नाही. खांबापर्यंत मात्र भुपेंद्र पहिले गेला, ते साऱ्यायनं पाह्यलं.” पाळी माझी.

तुडूम उघडलं. तोंड धुण्यापुरतं पाणी आलं आणि बंद. काढून टाकलेला कपडा तरंगत तरंगत ओढीनं येऊन भोकात बसला होता. एक थेंब सोडेना.

भुपेंद्र पाण्याबाहेर यायला तयार नाही, आत जायला तर नाहीच. गुड्डूनं बुडी मारली. वर आला तेव्हा एका हातात कपडा, दुसऱ्या हातात चिखल. तो त्यानं बकारामच्या हातावर ठेवला.

“आता त साऱ्यायचं तोंड इकडंच आहे न, बाई?” धुरपता म्हणाली.

बकारामनं पाळी धुरपताकडे फिरवली.

पण मी पाहिलं, धुरपताचा हात त्या कपड्यावरून फिरत होता.

“बाई, पोरगं उडल्यासारखं गेलं वं,” ती हळूच म्हणाली. “कपडा मले दे. पान्याची पाळी तू घे. पुढच्या साली गुड्डूले घालतो.”

“आन् बुडत नाही, ते?”

“ते कपड्यानं का? तुहा नातू शहराचा झाला. बुडनं भुलला.”

घरच्या पोराला कोणी असं बोललं तर मी जीभ उपटून हातात देते. पण समोर तुडूम होतं, आणि त्याच्या पलीकडे माझा धान.

“भुललाच,” मी म्हटलं. “कपड्यात काही खोट नाही.”

कपडा घडी करून तिच्या ओटीत टाकला. वरून सांगितलं, आत काही घालायचं नाही, आणि तांदळाचं पीठ हात राखून नको. पाणी माझ्या बांधीकडे निघालं.

भुपेंद्र अजून पाण्यात उभा होता. माझ्याकडे पाठ करून. त्याच्याकडे गमछा फेकला आणि म्हटलं, “पुढच्या साली ये. चड्डीवर ये.”